दमास्कस नळ्यांवरची बुजलेली नक्षी परत कशी आणावी, आणि कधी आणू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांकडून आलेली १२ बोअरची दुनळी बंदूक, बाहेरून घोडे असलेली, घरच्या परवान्यावर नोंदलेली. नळ्या एकसारख्या काळ्या दिसतात, पण फोरएंड (नळ्यांखाली हाताने धरायचा पुढचा लाकडी भाग) काढल्यावर खालच्या बाजूला बारीक भोवऱ्यांची नक्षी दिसते. ती खरी आहे का, सगळ्या नळीवर परत आणता येईल का, घरच्या घरी कोणतं केमिकल लावावं, आणि हे सगळं झाल्यावर आजचं काडतूस उडवलं तर चालेल का?

तुम्ही केमिकलचं नाव विचारलंय, पण खरी अडचण त्याच्या आधीची आहे. दमास्कस नळी म्हणजे लोखंड आणि पोलादाचे थर जोडून घडवलेली नळी. तिची नक्षी धातूच्या अंगातच असते, बाहेरच्या पृष्ठापासून थेट आतल्या बोअरपर्यंत, म्हणजे नळीच्या पोकळीपर्यंत. लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने गंजतात. त्या फरकाला थोडी मदत केली की नक्षी आपण होऊन दिसू लागते. ते काम चिकाटीचं आहे, पण अवघड नाही. अवघड आहे ते वरचा काळा रंग आणि गंजाचे खड्डे काढणं, कारण त्यात धातू घासला जातो आणि घासलेला धातू परत येत नाही. म्हणून या उत्तरात मोजमाप आधी येईल आणि केमिकल बरंच नंतर.

किती काम करता येईल हे चार गोष्टींवर ठरतं: भिंत किती जाड उरली आहे, रिबचा (दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीचा) डाख शाबूत आहे का, काळा रंग कोणत्या पद्धतीने चढवलाय, आणि नळी मुळात कोणत्या जातीची आहे. फोटोवरून यातली शेवटची गोष्टच काय ती थोडीफार कळते.

घडणीचं आधी सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक सूचनेचं कारण तिथे आहे. अशा नळ्या मुख्यतः दोन ठिकाणी घडत: इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या परिसरात, आणि बेल्जियममध्ये लिएज शहराजवळच्या वेस्द्र नदीच्या खोऱ्यात, नेसाँव्होसारख्या गावांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी नावाच्या कितीतरी बंदुकांना लिएजकडच्याच नळ्या बसवलेल्या असत. तेव्हा रिबवर लंडनचं किंवा कलकत्त्याच्या एखाद्या दुकानाचं नाव कोरलेलं असलं, तरी नळी बेल्जियममधली असू शकते.

सुरुवात होते लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या आलटून पालटून रचलेल्या थप्पीपासून. ती भट्टीत पांढऱ्या उष्णतेपर्यंत तापवून घणाखाली एकजीव करायची, मग लाटून तिची बोटाहून बारीक चौकोनी सळई करायची, साधारण तीन अष्टमांश इंचाची. आता सळई पुन्हा तापवायची, एक टोक पक्कं धरायचं आणि दुसरं फिरत्या चाकाला लावून पिळायचं. जिथे सळई जास्त तापलेली असते तिथे पीळ भराभर पडतो, म्हणून एक माणूस सांडशी घेऊन उभा असे आणि पीळ पुढे पळू लागला की तेवढी जागा धरून ठेवत असे. उत्तम कामात इंचाला अठरापर्यंत वेढे पडत. अशा दोन, तीन, क्वचित सहा सळया शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीचा पीळ उजवा तर शेजारणीचा डावा, आणि त्यांची मिळून एक पट्टी जोडायची. ही पट्टी लोखंडी दांड्याभोवती गुंडाळली की नळीचा कच्चा आकार होतो. बुडाकडे जाड पट्टी, तोंडाकडे पातळ. मग काही वेढे तापवायचे, नळी उभी धरून खाली आपटायची म्हणजे वेढ्यांच्या कडा एकमेकींत शिरतात, आणि मँड्रेल (आधाराचा लोखंडी दांडा) आत घालून खाचेच्या ऐरणीवर ठोकून सांधा पक्का करायचा. असं हातभर करत करत पूर्ण नळी. शेवटी ती जवळजवळ थंड असताना हलक्या हाताने ठोकून धातू घट्ट करायचा. त्यानंतर बोअर पाडणं, बाहेरून घासणं, आतल्या सावलीची रेघ बघून नळी सरळ करणं, लंप (नळ्या बंदुकीत अडकवणारा बुडाखालचा खुंट) पितळेने जोडणं आणि रिब कथील-शिशाच्या डाखाने बसवणं.

दमास्कसच्या तलवारींशी या नळ्यांचं नातं दिसण्यापुरतंच आहे. त्या तलवारींची लहर मुशीत वितळवलेल्या एकाच पोलादाच्या कणरचनेतून उमटते. इथे दोन धातू मुद्दाम थरावर थर जोडलेले असतात. मात्र पट्टी गुंडाळून नळी करण्याची रीत हिंदुस्थानात जुनीच. अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीत अकबराच्या कारखान्यातलं वर्णन आहे: लोखंड सपाट करून तिरपं गुंडाळायचं, वेढे कडेला कड न लावता एकावर एक चढवायचे आणि हळूहळू तापवून जोडायचे. सांधा कडेला कड लावण्यापेक्षा एकावर एक चढवलेला बरा, हे तेव्हाच्या कारागिरांनी ओळखलं होतं.

आता यातून तुमच्या कामाचं काय निघतं ते बघा. पिळलेल्या सळईचा बाहेरचा थर उघडा पडतो तेव्हा नुसत्या तिरप्या रेघा दिसतात. घासत घासत सळईच्या मध्याजवळ गेलं की त्याच रेघांचे भोवरे होतात. म्हणजे नक्षीचं रूप तुम्ही किती खोल घासलंय यावर अवलंबून आहे. कोणी एका जागी जोर लावून खड्डा काढला, तर तिथली नक्षी शेजारच्या नक्षीपेक्षा वेगळी दिसणार आणि कितीही चांगलं फिनिश केलं तरी तो डाग लपणार नाही. दुसरं, जोडताना थरांमध्ये अडकलेल्या मळीचे बारीक करडे ठिपके राहतात, ज्यांना इंग्रज कारागीर ‘ग्रेज’ म्हणत. ते घासून जात नाहीत, कारण एक गेला की खालून दुसरा वर येतो. ते तसेच राहू द्या. हे ठिपके नखाला लागत नाहीत. नखाला लागतो तो गंजाचा खड्डा, आणि त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

जात ओळखणं तसं सोपं आहे. नळीभोवती नुसत्या समांतर रेघा फिरत गेल्या असतील आणि भोवरे नसतील, तर तो साधा ट्विस्ट: सळई न पिळता थरांची पट्टीच गुंडाळलेली. तुकड्यातुकड्यांची अनियमित, ठिपकेदार पोत असेल तर स्टब ट्विस्ट, म्हणजे नालांच्या जुन्या खिळ्यांचं लोखंड आणि पोलादाचे तुकडे एकत्र करून केलेली नळी. बारीक, नियमित भोवऱ्यांच्या ओळी नळीभोवती तिरप्या फिरत असतील तर ते पिळलेल्या सळयांचं खरं दमास्कस. तुम्ही जे वर्णन केलंय ते बेल्जियमच्या क्रोले प्रकाराशी जुळतं. ओळीओळींच्या मध्ये पट्टीचा सांधा बारीक रेघ होऊन दिसतो आणि बुडाकडे त्याचे वेढे रुंद असतात.

खोट्या नक्षीबद्दलही सांगून ठेवतो, कारण स्वस्त बंदुकांच्या साध्या नळ्यांवर तेजाबाने नक्षी छापायची चाल होती. कसोटी एकच. फोरएंडखाली, जिथे कोणाला दिसत नाही, तिथे नखाएवढी जागा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि पातळ फेरिक क्लोराइडचा बोळा अर्धा मिनिट फिरवा. नक्षी जशीच्या तशी परत उमटली तर ती अंगातली आहे. नुसता करडा डाग आला तर छापील होती आणि ती तुम्ही आत्ताच पुसलीत. पुढचं काहीही करू नका. तुमच्या बंदुकीत फोरएंडखाली नक्षी दिसते आणि वर दिसत नाही, यावरून ती खरीच असावी असं वाटतं. कारण नंतर ब्लूइंग (रसायनाने काळा रंग चढवणं) करणाऱ्याने सहसा फोरएंडखालचा भाग कमी घासलेला असतो.

आता मोजमाप. हे काम परवानाधारक बंदूक कारागिराकडेच करून घ्या, आणि त्याच्याकडे भिंत मोजायचा गेज आहे का ते आधी विचारा. बाहेरून कॅलिपर लावून भिंत कळत नाही, कारण दोन नळ्या जोडलेल्या असतात आणि बोअर बरेचदा मध्यावर नसतो. एका बाजूला ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि समोरच्या बाजूला २२ थाऊ असंही निघू शकतं. दर दोन-तीन इंचांवर, चारही बाजूंनी मोजून कागदावर लिहून घ्या. सगळ्यात पातळ जागी ३० थाऊ, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून जास्त भरलं तर फिनिशचं काम निवांत करता येईल. ३० ते २० थाऊच्या मध्ये असेल तर खड्डे काढायचे नाहीत. रंग फक्त रसायनाने उतरवायचा आणि आहे त्या पृष्ठावर काम करायचं. २० थाऊच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलं की नळीला पॉलिश पेपर लावूच नका. बोअरही मोजा. १२ बोअरचं मूळ माप ०.७२९ इंच आणि ते बुडापासून नऊ इंचांवर घेतात. नळीवरच्या प्रूफच्या (दाबाच्या सरकारमान्य तपासणीच्या) शिक्क्यातल्या मापापेक्षा आत्ताचं माप १० थाऊने वाढलेलं निघालं, तर आतून बरंच घासलं गेलंय असं समजा.

मग रिबची परीक्षा. नळ्या दोरीने लंपाला बांधून टांगा आणि लाकडाच्या दांडीने हलकंच वाजवा. देवळातल्या घंटेसारखा खणखणीत, लांबत जाणारा नाद आला तर डाख शाबूत आहे. बद्द किंवा झणझणता आवाज आला तर रिब कुठेतरी सुटली आहे. सुटलेल्या रिबवर ओलं काम करायचं नाही. पाणी आणि केमिकल आत शिरेल आणि दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत वर्षानुवर्षं गंज चालू राहील. आधी डाख, मग फिनिश.

काळा रंग कोणत्या पद्धतीचा, हा प्रश्न याच कारणासाठी महत्त्वाचा. आजकाल बंदुकांना जे हॉट ब्लूइंग करतात त्यात कॉस्टिक सोड्याचं उकळतं द्रावण असतं, १३५ ते १४५ अंशांचं. या तापमानाला डाख वितळत नाही, पण कॉस्टिक कथील आणि शिसं दोन्ही खातं. डाखाने जोडलेल्या जुन्या दुनळीला हॉट ब्लूइंग करणं म्हणजे रिब सुटण्याची सोय करून ठेवणं. शिवाय ते लोखंड आणि पोलाद दोन्ही सारखंच काळं करतं, म्हणून नक्षी बुजते. तुमच्या नळ्यांचं असंच काहीतरी झालेलं दिसतंय. रिबच्या कडेने पांढरट पूड किंवा रंगाची फुटकी ओळ दिसते का ते भिंगाखाली बघा.

माप आणि नाद दोन्ही ठीक असतील तर पुढे जा. सुरुवातीला काळा रंग उतरवायचा. पातळ फॉस्फरिक ॲसिडचा, नाहीतर घरच्या व्हिनेगरचा बोळा फिरवा, रंग करडा पडला की लगेच धुऊन कोरडं करा. नळ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायच्या नाहीत, दोन धातूंचे थर सारखे खाल्ले जात नाहीत आणि पृष्ठ खरखरीत होतं. नंतर घासकाम. बफिंगच्या चाकाकडे नळ्या नेऊच नका. बफ रिबच्या धारा गोल करतो, शिक्के आणि नाव पुसतो, आणि मऊ लोखंड पोलादावर सारवून नक्षी आणखी बुजवतो. सपाट लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळा, थेंबभर तेल घ्या आणि नळीच्या लांबीने घासा, आडवं नाही. बहुतेक वेळा ३२० पासून सुरुवात करून ४०० वर थांबावं. २२० फक्त खड्डे काढायचे ठरवले असतील तर, आणि तेही संपूर्ण नळीवर सारखंच, एका जागी नाही. आरशासारखं चकचकीत करू नका, फार गुळगुळीत पृष्ठावर गंज समान धरत नाही. प्रूफचे शिक्के आणि रिबवरचं नाव टेपने झाकून ठेवा.

यानंतर तेलाचा अंशही राहता कामा नये. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, मग खडूच्या भुकटीची पेस्ट चोळून वाळवा आणि पुसा. पाणी नळीवर थेंब न धरता सपाट पसरलं तर ती स्वच्छ झाली. इथून पुढे हातमोजे. एका बोटाचा ठसाही शेवटपर्यंत दिसत राहतो. दोन्ही टोकांना लाकडाची लांब बुचं ठोका, तीच पकडायला मूठ होतात.

गंज चढवायचं द्रावण तयार विकत घ्या, ‘स्लो रस्ट’ प्रकारचं. जुन्या नुस्ख्यांत नायट्रिक ॲसिड, मोरचूद, लोहाचे क्षार आणि पाऱ्याचा जहाल क्षार असे. पाऱ्याचा क्षार घरात आणण्यासारखा नाही आणि नायट्रिक ॲसिडमध्ये खिळे विरघळवताना निघणारा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो. नक्षी उजळायला लागणारं फेरिक क्लोराइड मात्र सहज मिळतं. सर्किट बोर्ड कोरायला तेच वापरतात, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. तयार द्रावण असेल तर एक भाग घेऊन वीस भाग पाणी. कोरडी पूड असेल तर पाण्यात पूड चिमटीचिमटीने टाका. पुडीवर पाणी ओतलं तर ती भडकन तापते.

आता मुख्य फेरा. कापसाचा बोळा द्रावणात भिजवा आणि इतका पिळा की तो जेमतेम ओला राहील. बुडापासून तोंडापर्यंत एका दमात लांब हात फिरवा, पुन्हा त्याच जागी नाही. ओघळ आले तर तिथे गंज जाड चढतो आणि कायमची रेघ राहते. मोरचूद असलेलं द्रावण जास्त ओलं लागलं तर तांब्याचा गुलाबी मुलामा चढतो आणि त्याखाली गंज धरतच नाही. तेवढी जागा पुन्हा घासावी लागते. मग नळ्या पेटीत टांगा. २५ ते ३० अंश आणि ७० ते ८० टक्के ओल हवी. कोकणात पावसाळ्यात साधं बंद कपाट पुरतं, तीन तासांतही काम होतं. विदर्भात मे महिन्यात पेटीत पाण्याचं भांडं, ओलं फडकं आणि ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब ठेवल्याशिवाय काहीच घडणार नाही. तासांपेक्षा डोळ्यांवर विसंबा: सगळीकडे सारखी, बारीक, नारिंगी पूड दिसली की बाहेर काढायचं. रात्रभर राहू दिलं तर पुडीचे कण मोठे होतात आणि खाली बारीक खड्डे पडतात.

इथे दोन वाटा फुटतात. इंग्रजी पद्धतीचं तपकिरी फिनिश हवं असेल तर उकळायचं नाही. गंजाची पूड बारीक तारेच्या ब्रशने किंवा ०००० नंबरच्या स्टील वूलने उडवायची आणि पुन्हा द्रावण लावायचं. सहा ते दहा फेऱ्यांत चॉकलेटी रंग घट्ट होतो आणि नक्षी त्यात मऊपणे दिसते. बेल्जियन पद्धतीचं काळं-पांढरं हवं असेल तर प्रत्येक गंजानंतर नळ्या स्वच्छ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायच्या. लाल गंज उकळत्या पाण्यात काळ्या, चिवट मॅग्नेटाइटमध्ये बदलतो, मग त्यावर ब्रश. तुमची नळी क्रोले असेल तर मी काळं-पांढरंच सुचवेन. त्या नक्षीसाठी मुळात तेच फिनिश केलं जात असे.

उकळण्याबाबत तीन सूचना. पाणी डिस्टिल्ड घ्या; बोअरवेलच्या पाण्यातले क्षार पांढरे डाग पाडतात. भांडं स्टेनलेस स्टीलचं लांब, दोन शेगड्यांवर ठेवता येईल असं. जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा किंवा ॲल्युमिनियम नको. आणि उकळताना दोन्ही बुचं काढा, नाहीतर आत कोंडलेली हवा तापून बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. बाहेर काढलेल्या नळ्या स्वतःच्या उष्णतेनेच वाळतात. बोअरमधून कोरडं फडकं घालून काढा, तेलाचं शेवटीच. विकत मिळणाऱ्या स्टील वूलला गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते आधी ॲसिटोनमध्ये धुऊन घ्या. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर नळ्या डागाळलेल्या आणि निराशाजनक दिसतात. घाबरून पुन्हा पॉलिश करू नका. तिसऱ्या-चौथ्या फेरीला करडेपणा सारखा होतो आणि नक्षी डोकं वर काढते.

पाच-सहा फेऱ्यांनी पृष्ठ घट्ट काळं झालं की फेरिक क्लोराइड. पातळ द्रावणाचा बोळा भराभर फिरवा, दहा ते वीस सेकंद, आणि ताबडतोब भरपूर पाण्याखाली धरा. ते एका धातूवरचं काळं पटकन सोडवतं, दुसऱ्यावरचं उशिरा. त्या फरकातूनच पांढऱ्या-काळ्या रेघा सुटतात. कमी वाटलं तर पुन्हा एक गंजाची फेरी आणि पुन्हा दहा सेकंद. एकदाच जास्त वेळ ठेवून उरकायचा मोह आवरा. जास्त खाल्लं तर नक्षीला उठाव येतो, हाताला खरखर लागते, आणि पुष्कळांना ते आवडतंही, पण तो उठाव भिंतीच्या जाडीतून येतो आणि उघड्या खाचांत पुढे गंज बसतो. मूळ नळ्या हाताला गुळगुळीत असत.

काही ठिकाणी नक्षी येणारच नाही, त्याची कारणं ओळखून ठेवा. रिबच्या कडेला चकचकीत रेघ राहिली तर तो वर सांडलेला डाख. धारदार पात्याने हलकेच खरवडा. लंपापाशी पिवळी रेघ म्हणजे जोडाचं पितळ, ती मूळचीच आणि तशीच राहणार. बुडापासून काही इंचांवर नळीभोवती गोल रेघ आणि त्यापुढे नक्षी एकदम गायब असेल, तर जुन्या बुडात नव्या पोलादाच्या नळ्या बसवलेल्या आहेत, म्हणजे स्लीव्ह केलेली बंदूक. त्यापुढे कितीही गंज चढवला तरी भोवरे उमटणार नाहीत.

शेवटची फेरी झाली की धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात नळ्या पाच मिनिटं उकळा, साध्या पाण्यात पुन्हा एकदा, आणि गरम असतानाच तेल. उरलेलं आम्ल मेलं नाही तर आठवडाभराने लाल पूड परत दिसते, विशेषतः तपकिरी फिनिशवर. दिसलीच तर तेलाच्या फडक्याने पुसा, पुन्हा सोडा.

आता चालवण्याचा प्रश्न, आणि इथे मी ठाम आहे: नक्षी सुंदर आली म्हणून नळी मजबूत ठरत नाही. दमास्कस मुळातच कमकुवत असतं असं सरसकट म्हणणं चूक आहे. १८९१ साली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने वेगवेगळ्या नळ्या फुटेपर्यंत तपासल्या, तेव्हा तीन सळयांच्या इंग्रजी लॅमिनेटेड (दमास्कससारख्याच थर जोडून केलेल्या) नळ्या वितळवलेल्या पोलादाच्या नळ्यांच्या पंक्तीत वरच्या जागी बसल्या होत्या. पण त्या नव्या नळ्या होत्या. तुमच्या नळीने काळ्या दारूची मळी आणि जुन्या कॅपमधले ओल ओढणारे क्षार शतकभर सोसलेत, आणि तिच्यात शेकडो सांधे आहेत. शिक्के बघा. बर्मिंगहॅमचा मुकुटाखाली ‘एनपी’, किंवा लिएजचा सिंहाखाली ‘पीव्ही’ असेल तर ती कधीतरी धूरविरहित दारूसाठी तपासली गेली होती. नुसता अंडाकृतीतला ‘ई-एल-जी’ असेल तर ती काळ्या दारूचीच. आणि शिक्का तपासणीच्या दिवसाबद्दल बोलतो, आजच्या भिंतीबद्दल नाही.

दुसरं, चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या बुडातल्या जागेची लांबी. त्या काळच्या बहुतेक १२ बोअरना अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं चेंबर असे. आजची काडतुसं बहुतांशी ७० मिलिमीटरची. ते आत बसतं, म्हणून माणूस फसतो. पण दिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. तोंड उघडलं की काडतूस चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. आजच्या साध्या १२ बोअर काडतुसाला युरोपीय नियमांत ७४० बारपर्यंत दाब मान्य आहे. जुनी काळ्या दारूची नळी त्यासाठी घडवलेली नाही. ब्रिटनमध्ये असती तर मोजून, नव्याने प्रूफ करून घ्या म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत माझा सल्ला साफ आहे: उडवू नका.

कायद्याचं एवढंच. ब्रीचमधून (नळीच्या मागच्या टोकाने) काडतूस भरणारी, दुरुस्त केल्यास चालू शकेल अशी बंदूक शोभेसाठी ठेवली तरी शस्त्रच धरली जाते. जुनी असल्याची सूट फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला आहे. परवाना चालू ठेवा, आणि निकामी करून घ्यायची इच्छा असेल तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारा. तुमच्या भागात ते पोलीस आयुक्तालय असेल किंवा जिल्हाधिकारी कार्यालय. स्वतः ड्रिल लावू नका.

म्हणजे क्रम असा: फोरएंडखाली नखाएवढी कसोटी, परवानाधारक कारागिराकडून भिंतीचं मोजमाप आणि रिबचा नाद, मग ठरवायचं की खड्डे काढायचे की नाही, आणि त्यानंतरच गंजाच्या फेऱ्या. मोजमापाचे आकडे आणि बुडाखालच्या शिक्क्यांचा स्पष्ट फोटो इथे टाकलात तर जात आणि घासकामाची मर्यादा जास्त नेमकी सांगता येईल.

फिनिश झाल्यावर पहिला महिना नळ्यांना दर दोन-तीन दिवसांनी पातळ तेलाचा हात द्या, मग मेणाचं पॉलिश. चामड्याच्या पेटीत बंद करून पावसाळाभर ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि ओल मिळून फोरएंडच्या रेषेत गंज धरतो. सुती कापडात सैल गुंडाळून, तोंड खाली करून ठेवा, म्हणजे बोअरमधलं जादा तेल लाकडी दस्त्यात उतरत नाही.